छेदातलं वर्गमूळ घालवलं, तरी उत्तर जुळत नाही: चूक नेमकी कुठे शोधायची

नववीला करणीचं प्रकरण शिकवून झालं की एक तक्रार ठरलेली असते: 'परिमेयीकरण (म्हणजे अपूर्णांकाच्या छेदातलं वर्गमूळ घालवणं) येतं, पण उत्तर पुस्तकाशी जुळत नाही.' साताऱ्यातली शाळा असो की सांगलीच्या विश्रामबागेतला क्लास, वह्या उघडल्या की त्याच सात-आठ चुका पुन्हा पुन्हा सापडतात. त्यांतल्या निम्म्याहून जास्त चुकांचा परिमेयीकरणाशी संबंधच नसतो. गुणक, म्हणजे वर-खाली ज्याने गुणायचं ती संख्या, बरोबर निवडलेला असतो. घोळ असतो त्याच्या आधीच्या ओळीत, नाहीतर नंतरच्या. त्यामुळे 'पद्धत परत पाठ कर' असं सांगून काही होत नाही. कोणती ओळ बिघडली ते आधी हुडकायला लागतं.

शब्दाबद्दल एक गोष्ट सांगून टाकू, कारण पहिल्या तासाला वर्गात हशा होतोच. गावाकडे 'करणी' म्हणजे भलताच प्रकार. गणितातली करणी म्हणजे ज्या परिमेय संख्येचं मूळ परिमेय येत नाही असं मूळ: √२, √३, √७. √९ ही करणी नव्हे, तो सरळ ३.

पुढे सगळीकडे तिरकी रेघ म्हणजे भागाकार. कंस जिथे दिलेत तिथे ते खरंच हवेत, शोभेला नाहीत.

आधी बघा, उत्तर खरंच चुकलंय का?

परिमेयीकरण करताना आपण अपूर्णांकाला √३/√३ सारख्या संख्येने गुणतो, म्हणजे १ ने गुणतो. रूप बदलतं, किंमत हलत नाही. म्हणून प्रश्नाची आणि उत्तराची दशांशात किंमत काढली की चूक शोधायचं निम्मं काम झालं. त्यासाठी सहा संख्या पाठ असलेल्या बऱ्या:

√२ = १.४१४, √३ = १.७३२, √५ = २.२३६, √६ = २.४४९, √७ = २.६४६, √१० = ३.१६२

उदाहरणार्थ ६/√३. प्रश्नाची किंमत ६ ÷ १.७३२ = ३.४६४. उत्तर २√३, त्याची किंमत २ × १.७३२ = ३.४६४. जुळलं.

किंमत जुळत नसेल तर कुठल्या तरी ओळीत खरी चूक आहे. प्रत्येक ओळीची किंमत काढत जा. ज्या ओळीला आकडा बदलला, तीच दोषी. किंमत जुळते पण उत्तर पुस्तकासारखं दिसत नाही, तर फक्त सरळ रूप द्यायचं राहिलंय. ते शेवटी पाहू.

तिसऱ्या दशांश स्थळाला थोडा फरक पडला तर घाबरू नका. मुळांच्या किमती आपण तीन स्थळांपर्यंतच घेतल्यात. छेदात दोन जवळच्या संख्यांची वजाबाकी असली की हा फरक वाढतो. (२ + √३)/(२ − √३) ची किंमत अशी काढली तर ३.७३२ ÷ ०.२६८ = १३.९२५ येते आणि उत्तराची, म्हणजे ७ + ४√३ ची, १३.९२८. ही चूक नव्हे. १३.९ च्या जागी ७ आले, तर मात्र चूक.

आणि नेमके ७ च येतात, फार जणांना. वर-खाली २ + √३ ने गुणलं की छेद १ होतो आणि अंशात (२ + √३)² येतो; त्याचा विस्तार ४ + ३ असा लिहून मोकळे होतात. मधलं पद, २ × २ × √३ = ४√३, गायब. आधीच्या इयत्तांतलंच सूत्र आहे, तरी करणी दिसली की हातून सुटतं.

एकच पद असलेला छेद

५/√७ घ्या. वहीत तीन प्रकारची चुकीची उत्तरं दिसतात.

पहिलं ५/७. छेदाला √७ ने गुणलं, अंश विसरला. किंमत १.८९० ची ०.७१४ झाली.

दुसरं २५/७. 'वर्ग केला की वर्गमूळ जातं' हे डोक्यात बसलेलं, म्हणून अख्ख्या अपूर्णांकाचा वर्ग केला. वर्ग करणं म्हणजे संख्येला तिच्याच किमतीने गुणणं, १ ने नव्हे. समीकरणात दोन्ही बाजूंचा वर्ग चालतो, कारण तिथे दोन बाजू असतात. इथे बाजू एकच आहे.

तिसरं √३५/७. इथे ५ × √७ करताना ५ मुळाच्या आत ढकलला. ५ आत न्यायचा असेल तर तो २५ होऊन जातो, म्हणजे √१७५. बरोबर उत्तर ५√७/७.

आता थोडा मोठा आकडा, १५/√४८. इथे बरेच जण वर-खाली √४८ ने गुणतात. चूक नाही, पण १५√४८/४८ हाती आल्यावर मूळ साधं करायचं, मग भाग द्यायचा, आणि या दोन पायऱ्यांत कुठेतरी घसरायचं. आधी मूळ साधं करा:

√४८ = √(१६ × ३) = ४√३
१५/(४√३) = (१५ × √३)/(४ × ३) = १५√३/१२ = ५√३/४

ताळा: १५ ÷ ६.९२८ = २.१६५, आणि ५ × १.७३२ ÷ ४ = २.१६५.

गुणक म्हणून फक्त √३ पुरला. ४√३ ने गुणायची गरज नव्हती, कारण ४ आधीच परिमेय आहे. सगळ्यात लहान गुणक शोधायची सवय लागली की पुढची काटाकाटी निम्म्याने कमी होते.

मूळ अख्ख्या अपूर्णांकावर असेल, जसं √(३/८), तर आणखी सोपं. छेद पूर्ण वर्ग होईल एवढ्यानेच आत गुणा: ८ ला २ ने गुणलं की १६. √(६/१६) = √६/४. √८/√८ ने गुणणाऱ्याला इथवर यायला दोन ओळी जास्त लागतात.

आतला आणि बाहेरचा: सगळ्यात हट्टी चूक

√६/२ असं उत्तर आलं की हात शिवशिवतात. ६ ला २ ने भाग जातो, मग √३ लिहून मोकळे! किंमत बघा: √६/२ म्हणजे १.२२५, आणि √३ म्हणजे १.७३२.

कारण साधं आहे. मुळाच्या आतला २ म्हणजे बाहेर √२, फक्त १.४१४ किमतीचा. बाहेरच्या २ ला आत न्यायचं तर तो ४ होतो. म्हणून √६/२ = √६/√४ = √(३/२). आतल्याला आतला उडवतो, बाहेरच्याला बाहेरचा. √१८/३ मध्ये मात्र ३ उडतो, पण तो १८ मधला ३ नव्हे; √१८ = ३√२ लिहिल्यावर जो ३ बाहेर येतो, तो. उत्तर √२. घाईत √६ लिहिणारे इथेच सापडतात.

ही चूक पाठांतराने जात नाही. वहीत काट मारायच्या आधी मुळाचं चिन्ह ठळक करा आणि त्याची आडवी रेघ कुठवर जाते ते बघा. अनेकांच्या अक्षरात ही रेघ इतकी आखूड असते की √३ + २ आणि √(३ + २) यात फरकच दिसत नाही. स्वतःचंच लिहिलेलं पुढच्या ओळीत वेगळं वाचलं जातं. अपूर्णांकाच्या रेघेचंही तेच: (४ + २√५)/६ लिहिताना रेघ फक्त २√५ च्या खाली ओढली, की खालच्या ओळीत ४ एकटाच बाहेर पडतो.

दोन पदांचा छेद

१/(√५ + √२). √५ + √२ म्हणजे √७ असं समजून १/√७ करणारे वेगळेच, त्यांनी ३.६५० आणि २.६४६ शेजारी शेजारी लिहून बघावं.

बाकीच्यांची चूक गुणकाची असते. इथे √५ ने गुणलं तर छेद ५ + √१० होतो. √५ + √२ नेच गुणलं तर ७ + २√१०. मूळ जात नाही, फक्त जागा बदलतं. जायला हवं असेल तर मधली दोन पदं एकमेकांना मारायला हवीत, आणि ते (अ + ब)(अ − ब) = अ² − ब² मध्येच होतं. म्हणून अनुबद्ध जोडीतली दुसरी संख्या, म्हणजे एकाच पदाचं चिन्ह बदललेली, घ्यायची, √५ − √२:

(√५ − √२)/(५ − २) = (√५ − √२)/३

ताळा: १ ÷ ३.६५० = ०.२७४, ०.८२२ ÷ ३ = ०.२७४.

आता सहगुणक (मुळाबाहेर गुणलेला आकडा) असलेलं उदाहरण, कारण खरी अडचण तिथे होते. १/(३√२ − २√३). गुणक ३√२ + २√३, इथवर सगळे बरोबर येतात. मग छेदात (३√२)² च्या जागी ३ × २ = ६ आणि (२√३)² च्या जागी २ × ३ = ६. वजाबाकी शून्य! छेदात शून्य आला की विद्यार्थी 'गणित चुकीचं छापलंय' म्हणून पुढच्या गणिताकडे वळतो. सहगुणकाचाही वर्ग करायचा असतो:

(३√२)² = ९ × २ = १८
(२√३)² = ४ × ३ = १२
उत्तर (३√२ + २√३)/६, किंमत सुमारे १.२८४

परिमेयीकरणात छेद शून्य आला तर तो इशारा समजा. मूळ छेद शून्य नसेल आणि तुम्ही खरा अनुबद्ध गुणक घेतला असेल, तर सहसा सहगुणकाचा वर्गच राहिलेला असतो.

अनुबद्ध लिहिताना कोणतं चिन्ह बदलायचं यावरही गोंधळ होतो. √३ − २ ची जोडी म्हणून २ − √३ लिहितात. ही जोडी नव्हे, तीच संख्या उलट्या चिन्हाची. गुणाकार करून बघा: (√३ − २)(२ − √३) = ४√३ − ७. मूळ तसंच. दोन्ही चिन्हं बदलली की काहीच साधत नाही, दोनांपैकी एकच बदलायचं. √३ + २ चालेल, −√३ − २ सुद्धा चालेल, पहिलं सोपं.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ.स. ११५०) करणींच्या भागाकाराची रीत हीच दिलेली आहे: छेदातल्या एका करणीचं चिन्ह उलटं करा, त्याने भाज्य आणि भाजक दोन्हींना गुणा, आणि छेदात एकच करणी उरेपर्यंत हे पुन्हा करा.

उणे छेद

१/(√२ − √३) मध्ये छेद २ − ३ = −१ येतो. उत्तर −(√२ + √३). उणे चिन्ह विसरलं तर किंमत −३.१४६ ऐवजी +३.१४६, आणि आकडा तोच दिसत असल्यामुळे ताळा करणाराही फसतो. चिन्हासकट ताळा करा.

हीच चूक एका लोकप्रिय गणितात आठ वेळा होऊ शकते:

१/(१ + √२) + १/(√२ + √३) + ... + १/(√८ + √९)

गुणक १ − √२, √२ − √३ असे घेतले तर प्रत्येक छेद −१ येतो आणि आठ ठिकाणी चिन्ह सांभाळायला लागतं. मोठी संख्या आधी लिहा: √२ − १, √३ − √२, ... , √९ − √८. प्रत्येक छेद १. मधली सगळी पदं एकमेकांत उडतात आणि उरतं √९ − १ = २.

तीन पदं आली तर

१/(१ + √२ + √३). दोन पदांचा एक गट करायचा, पण कोणत्या दोघांचा? √२ आणि √३ एकत्र ठेवले तर छेद (५ + २√६) − १ = ४ + २√६ होतो आणि पुन्हा अनुबद्ध शोधावा लागतो. त्यापेक्षा १ आणि √२ एकत्र ठेवा:

(१ + √२)² − (√३)² = ३ + २√२ − ३ = २√२

एकच पद उरलं. अंशात १ + √२ − √३ आहे, वर-खाली √२ ने गुणा: (२ + √२ − √६)/४. किंमत ०.२४१, आणि १ ÷ ४.१४६ सुद्धा ०.२४१. नियम एवढाच: ज्या दोन पदांच्या वर्गांची बेरीज तिसऱ्याच्या वर्गाएवढी, त्यांचा गट करा. इथे १ + २ = ३. अशी जोडी नसेल तर अनुबद्धाने दोनदा गुणण्याला पर्याय नाही.

शेवटची ओळ: भाग देताना

(६ + २√५)/४ चं सरळ रूप काय? वहीत (३ + २√५)/२ सापडतं. ६ ला २ ने भागलं, ४ ला भागलं, मधला २√५ तसाच. किंमत २.६१८ ची ३.७३६ झाली. अंशातल्या प्रत्येक पदाला भाग जायला हवा: (३ + √५)/२. आणि (३ + √५)/३ मध्ये ३ उडवून १ + √५ करणं म्हणजे त्याच चुकीचा मोठा भाऊ. बेरजेतलं एक पद कधीच एकटं उडत नाही. शंका आली तर आधी सामाईक अवयव बाहेर काढून कंस लिहा: २(३ + √५)/४. कंसाबाहेरचा आकडा तेवढा उडवा.

किंमत जुळते, रूप जुळत नाही

इथे बहुधा तीनपैकी एक गोष्ट राहिलेली असते. मुळात पूर्ण वर्ग अडकलाय (√१२ ठेवलाय, २√३ केला नाही). भाग द्यायचा राहिलाय. किंवा पुस्तकाने उत्तर दोन तुकड्यांत लिहिलंय: (३√२ + २√३)/६ आणि √२/२ + √३/३ एकच.

त्रिकोणमितीच्या कोष्टकात साइन ४५° ची किंमत १/√२ आणि टॅन ३०° ची १/√३ अशीच छापलेली असते. ती चूक नाही. प्रश्नात 'छेदाचे परिमेयीकरण करा' म्हटलं असेल तर करायचंच. नसेल तर सोयीप्रमाणे. सोय कुठे होते ते हाताने भागाकार करून कळतं. १ ÷ १.४१४ करायला बसा: ७ ने भाग, बाकी १०२, मग शून्य, मग परत ७... त्याच जागी √२/२ म्हणजे १.४१४ चं निम्मं, ०.७०७, तोंडी.

तासगावकडच्या द्राक्षबागेतलं उदाहरण घ्या. कडेचा खांब जमिनीवर ६ फूट उभा, त्याच्या टोकाला बांधलेली तिरपी तार जमिनीशी ६०° चा कोन करते. तार खांबापासून किती अंतरावर रोवायची? ६/√३ फूट. तार किती लांब लागेल? १२/√३ फूट. परिमेयीकरण केलं की २√३ आणि ४√३, म्हणजे ३.४६ आणि ६.९३ फूट. बांधायला गुंडाळायची तार वेगळी धरा.

बेरीज करताना तर परिमेयीकरणाशिवाय चालतच नाही. १/√२ + √२ + √८ मध्ये सरूप करणी, म्हणजे मुळाच्या आत सारखाच आकडा असलेल्या, दिसत नाहीत. √२/२ + √२ + २√२ लिहिलं की उत्तर ७√२/२ समोर येतं.

घनमूळ आलं तर मात्र वर्गमुळाची सवय सोडा. १/∛२ ला वर-खाली ∛२ ने गुणलं तर छेद ∛४ होतो, मूळ तसंच. आत ८ व्हायला हवेत, म्हणून ∛४ ने गुणा: ∛४/२. आणि अकरावीला सीमा (क्ष एखाद्या संख्येच्या जवळ जवळ गेला की राशी कशाच्या जवळ जाते ते) शिकताना (√(१ + क्ष) − १)/क्ष सारखी राशी येते, तिथे उलटं काम असतं. अंशाचं परिमेयीकरण करायचं, म्हणजे वर-खाली √(१ + क्ष) + १ ने गुणायचं. अंशात क्ष उरतो, छेदातल्या क्ष ला उडवतो, आणि क्ष शून्याकडे गेला की उत्तर १/२. तिथे छेदात वर्गमूळ राहतं, आणि ते राहू द्यायचं.